डब्यातली खिटी

कारखान्यात एक माणूस बसलेला असतो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण तीस वर्षं त्याला शिव्या घालतोय. रायफलीची नळी उत्तम असते, बोल्ट उत्तम असतो, दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड तर बघत राहावं असं असतं. आणि मग हा गृहस्थ म्हणतो, एवढा खर्च झाला, आता बारीकसारीक भागांत जरा हात आखडता घेऊ. लगेच पोलादाच्या जागी ॲल्युमिनियम येतं, आणि स्प्रिंग अशी येते की फाउंटनपेनात घालायलाही लाज वाटावी.

माझं पोट ह्याच माणसाच्या चिकटपणावर चालतं. ऑगस्ट लागला की खोऱ्यातले लोक कोऱ्या करकरीत रायफली घेऊन माझ्या शेडमध्ये येतात. मी आतले कारखान्याचे भाग काढतो आणि माझ्या हातचे बसवतो. बोल्टची मूठ मोठी करतो, म्हणजे जाड हातमोज्यातही ती सापडते. चापाची ओढ साफ करतो. आणि खिटी बदलतो. रायफलीच्या पोटाखाली, चापाच्या पुढं, बिजागरीवर बसलेलं एक झाकण असतं. आतली चार काडतुसं स्प्रिंगच्या दाबाखाली त्या झाकणावर असतात, आणि ते झाकण नखाएवढ्या एका खिटीनं धरलेलं असतं. कारखान्याची खिटी मऊ. थंडी पडली, रायफलीचा धक्का बसला की ती निसटते, झाकण उघडतं आणि चारही काडतुसं बुटांवर. खोऱ्यातल्या एकोणीस रायफलींना मी पोलादी खिट्या घडवून बसवल्या. विसावी रायफल माझी होती.

ती मला मार्लिसनं दिली होती, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. खोक्यातून बाहेर काढून देताना म्हणाली, "ऑर्वी, एक वस्तू तरी घरात अशी ठेव, जिला तुझी कानस लागली नाही." मी कबूल झालो आणि आठ दिवसांत बोल्टची मूठ बदलली. मग चाप. मग खांद्याकडची रबरी गादी. तिला प्रत्येक वेळी कळायचं. ती नुसती भुवई वर करायची. खिटीसुद्धा मी ऑगस्टमध्येच घडवली होती. चांगल्या पोलादाची, तेलात निळी केलेली, कडेला बारीक दाते असलेली. ती तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात घालून खिडकीत ठेवली आणि लोकांच्या कामाला लागलो. दहा मिनिटांचं काम होतं, म्हणूनच राहून गेलं.

ऑक्टोबरात मैदानावर नेम बसवायला गेलो तेव्हा तिसऱ्या गोळीला झाकण उघडलं. मी ते दाबून बसवलं, पुढच्या गोळ्या एकेक करून भरल्या आणि नेम बसवला. शंभर यार्डांवर तिन्ही भोकं एका पैशाखाली झाकली जातील अशी आली. घरी येऊन मार्लिसला कागद दाखवला. ती म्हणाली, "आणि ते झाकण?" गाडीतून तिनं पाहिलं होतं.

आता इथं माझी बाजू ऐका. खिटी बदलायची तर दस्त्याचे दोन्ही मोठे स्क्रू सैल करावे लागतात. ते पुन्हा कितीही मापानं आवळले तरी नळी लाकडात केसभर वेगळी बसते आणि नेम हलतो. म्हणून एकदा नेम बसला की शिकारीचा सीझन संपेपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, दम देऊन सांगतो. गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या संध्याकाळी, भांडी घासून झाल्यावर मार्लिस तो डबा घेऊन माझ्यासमोर आली आणि वाजवून म्हणाली, "बसव की रे. खुळखुळतेय बिचारी."

"नेम हलेल."

"मग परत बसव."

"सीझनचे तीन दिवस राहिलेत, मार्लिस. सोमवारी बसवतो."

"तुझा आणि तुझ्या नेमाचा संसार सुखाचा होवो," ती म्हणाली आणि डबा परत खिडकीत ठेवला.

रविवार हा सीझनचा शेवटचा दिवस. आम्ही तिघं वर गेलो होतो: मी, मार्लिस आणि तिचा धाकटा भाऊ गेलन. करवतीच्या घळीच्या तोंडाशी आमचा कापडी तंबू असतो, आत पत्र्याची चूल. गेलनचा गुडघा लाकडाच्या गिरणीत चेपला तेव्हापासून तो चढ चढत नाही, निदान आमच्यासमोर तरी नाही. तो तंबू सांभाळतो, स्वयंपाक करतो आणि दिवसभर एकच पोल्का, नाचाची धून, शीळ घालून वाजवतो. तीही निम्मीच. पुढची चाल त्याला वीस वर्षांत आलेली नाही.

पहाटे निघताना तो म्हणाला, "मिस्त्री, ह्या वर्षी तरी काळजाची भाजी खायला मिळणार का? कांदे मऊ पडायला लागलेत."

"तू कांदे चिर," मार्लिस म्हणाली. "बाकीचं मी बघते. ह्याच्या भरवशावर राहिलास तर कांदेच खाशील."

एल्क, म्हणजे इथलं सांबरासारखं मोठं जनावर, मिळालं की त्याच रात्री काळीज कांद्याबरोबर परतायचं, हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. मार्लिसच्या हातात रायफलही त्या वडिलांचीच होती. जुनी, कमी मापाच्या काडतुसाची. मी कितीदा म्हटलं, माझ्या मापाची घे, म्हणजे काडतुसं एकमेकांना चालतील. ती ऐकायची नाही.

दिवसभर काही दिसलं नाही. बर्फात पाय गुडघ्यापर्यंत जात होता, वरचा थर भुसभुशीत. मिशा गोठून कडक झाल्या होत्या. साडेतीनच्या सुमाराला आम्ही उतरणीवरून आडवे चाललो होतो, मी पुढं, ती मागं. मागून फांदी मोडल्यासारखा आवाज आला. वळलो तर मार्लिस नव्हती. बर्फाखाली दडलेल्या ओंडक्यावर तिचा पाय पडला होता, आणि ती पंधरा-वीस फूट खाली खडकांत जाऊन आदळली होती. तिची रायफल आणखी खाली गेली, थेट ओढ्याच्या खोल भेगेत. नुसता खडखडाट ऐकू आला.

मी बसत-घसरत खाली गेलो. डावी मांडी मध्येच भलतीकडं वळली होती. रक्त बाहेर नव्हतं. ते आत चाललंय, हे मला मांडी हातानं चाचपल्यावर कळलं. ती फुगत होती.

"किती वाईट आहे?" तिनं विचारलं.

"मोडलीय."

"ते मलाही कळतंय, शहाण्या."

मी दोन फांद्या तोडल्या, माझा पट्टा आणि मफलर घेऊन पाय बांधला. बांधताना ती एकदाच ओरडली, तो आवाज मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. माझं जाकीट तिच्यावर घातलं. देवदाराखालच्या कोरड्या काटक्या गोळा करून जाळ केला. मग बसून विचार केला, आणि तिथंच माझं चुकलं.

तंबू दोन मैलांवर. ह्या बर्फात उतरायला दीड तास, मदत घेऊन परत यायला दोनेक तास. तेवढा वेळ ती एकटी, जाळ विझला तर विझला. तिनं माझी बाही धरली होती. "जाऊ नकोस," ती म्हणाली. मार्लिसनं मला आयुष्यात कधी काही नको करूस म्हणून विनवलं नव्हतं. आणि मी मनात म्हटलं, कशाला जायचं? रायफल आहे की. पायांना दीड तास लागतो तिथं आवाज क्षणात पोचतो.

आमच्याकडं गोळ्या वाचता येतात. एक गोळी म्हणजे जनावर पडलं. एक, मग बऱ्याच वेळानं दुसरी, म्हणजे जखमी होतं, मागं जाऊन संपवलं. पाच-सहा धडाधड म्हणजे कुणीतरी शहरातला. आणि अंधार पडल्यावर, सारख्या अंतरानं तीन गोळ्या, म्हणजे माणूस अडकलाय, या. पण अंधार पडल्यावरच. उजेडात त्याला अर्थ नाही. शेवटच्या दिवशी तर दुपारपासून सगळं खोरं लाह्या फुटाव्यात तसं वाजत असतं. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासानं शिकार कायद्यानं बंद होते, त्या दिवशी पाच वाजून वीस मिनिटांनी. त्यानंतर वाजलेली गोळीच कान देऊन ऐकली जाते.

म्हणजे मला दीड तास थांबायचं होतं. त्याच वेळी उठून चालू लागलो असतो तर साडेपाचला तंबूत असतो. हे गणित मी त्या वेळी केलं नाही. नंतर रोज केलं.

मी जाळ सांभाळत राहिलो, तिचे हात चोळत राहिलो, घड्याळ बघत राहिलो. रायफलीत पाच काडतुसं होती, एक नळीत, चार पोटात. बाकीची तंबूत. पाच पुरेत, असं मी लोकांना ऐटीत सांगत असे.

"ऑर्वी," ती म्हणाली, "मला पाय जाणवत नाहीये. दुसरा, चांगला."

"थंडीनं."

"खोटं बोलताना तू नाक ओढतोस."

मी नाक ओढलं नव्हतं. मग तिनं गेलनचा विषय काढला, तो कांदे किती जाड चिरतो वगैरे. मध्येच ती वेगळंच बोलायला लागली, वडिलांशी बोलावं तसं, आणि परत भानावर आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी मनात देवाशी सौदे करायला लागलो. ज्या माणसानं चर्चमध्ये फक्त टेबलं दुरुस्त केली, त्यानं.

पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली. खोरं गप्प झालं होतं. मी खडकाच्या कडेवर, मोकळ्यावर जाऊन उभा राहिलो. रायफल आभाळाकडं केली आणि पहिली गोळी मारली. आवाज घळीच्या दोन्ही भिंतींना आपटत खाली गेला. मी मनात दहा मोजले, बोल्ट मागं-पुढं केला, चाप ओढला.

टिक.

मला वाटलं काडतूस फुसकं निघालं. पुन्हा बोल्ट ओढला, पुन्हा चाप. टिक. मग बुटाला काहीतरी लागत होतं ते जाणवलं. रायफल उलटी केली. पोटाखालचं झाकण उघडं लोंबत होतं आणि आत अंधार होता.

चारही काडतुसं बर्फात गेली होती. भुसभुशीत, गुडघाभर बर्फ, उतरणीवरचा. चार भोकं पडली असतील, ती माझ्याच बुटांनी बुजली होती.

मी गुडघ्यांवर पडलो. हातमोजे काढले, कारण मोज्यातून पितळ आणि गारगोटी यांतला फरक कळत नाही. दोन्ही हातांनी बर्फ उपसायला लागलो. आधी हळू, चाळल्यासारखा. मग वेड्यासारखा. टॉर्च तोंडात धरली होती, तिचा उजेड बर्फावर नुसता पसरत होता. मी रडत होतो, हे मला दाढीवरचं पाणी गोठलं तेव्हा कळलं. कारखान्यातल्या त्या माणसाला मी तोंडात टॉर्च धरून जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्याला बोलून काय उपयोग होता? पोलादाची खिटी माझ्या खिडकीत होती. त्या माणसाला कुणी डबा वाजवून सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं.

एक सापडलं. माझी बोटं आता वाकत नव्हती, तळव्यांत धरून ते काढलं.

"काय झालं?" मागून मार्लिसचा आवाज आला, अगदी बारीक.

"काही नाही. काडतुसं पडली."

"खिटी?"

"हं."

"डब्यातली?"

"हं."

मला वाटलं, आता ती बोलेल. मला ते हवंच होतं. तिनं मला वाटेल ते बोलावं म्हणून मी हात थांबवून वाट बघत बसलो.

"निदान नेम तरी हलला नाही," ती म्हणाली.

आणि हसली. माझी बायको ह्या अवस्थेत हसली. मला तिचा इतका राग आला आणि तिच्यावरचं प्रेम इतकं उफाळून आलं की मी बर्फात तोंड खुपसून ओरडलो.

"माझी घे ना," मग ती म्हणाली. "पट्ट्यात पाच आहेत."

"तुझी ह्यात बसत नाहीत, मार्लिस."

"हो की. मीच हट्टी."

दुसरं काडतूस सापडलं तोवर वीस मिनिटं गेली होती. तिसरं सापडेना. मी आणखी शोधायला हवं होतं का? मी वळून पाहिलं तर जाळ बसत आला होता आणि ती थरथरायची थांबली होती. थंडीत माणूस थरथरायचं थांबतं तेव्हा काय होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी थांबू शकलो नाही. नळीत एकेक भरून त्या दोन गोळ्या मारल्या, मध्ये दहा मोजून. एक, आणि वीस मिनिटांनी दोन. तीन झाल्या, असं मी स्वतःला सांगितलं. गेलनला कळेल. कळायलाच हवं.

मग मी तिच्यापाशी गेलो, तिला मांडीवर घेतलं आणि ओरडत बसलो. घसा बसेपर्यंत ओरडलो.

खाली गेलननं तिन्ही गोळ्या ऐकल्या. नीट ऐकल्या, आणि नीट वाचल्या. वेळ टळून गेल्यावर एक गोळी: मिस्त्रीला अंधारात बैल, म्हणजे नर एल्क, दिसला, राहवलं नाही. वीस मिनिटांनी दोन: जखमी होता, मागं जाऊन संपवला. त्यानं चुलीत लाकडं सारली, तवा ठेवला आणि कांदे चिरायला घेतले. वेळ टळल्यावर, पाच मिनिटांनी का होईना, गोळी मारणं हा गुन्हा आहे. रायफल जप्त होते, परवाना जातो. आणि अशा वेळी आपल्या माणसाबद्दल तोंड उघडायचं नाही, हे इथं लेकरं आईच्या दुधाबरोबर शिकतात.

सहाच्या आत शिकारखात्याचा वॉर्डन त्याच्या ट्रकमधून आला. शेवटच्या दिवशी तो फिरतोच. ट्रकमागं बर्फावरची मोटार होती, आत रेडिओ होता. त्यानं खिडकी खाली केली. "वर कोण आहे रे? आत्ता गोळ्या वाजल्या."

"वर?" गेलन म्हणाला. हातात सुरी आणि कांदा. "आमच्यातलं वर कोणी नाही. दोघं कधीच उतरलीत, गावात गेलीत गरम पाण्यानं आंघोळ करायला. ते पलीकडच्या घळीत वाजलं. आवाज फिरतो इथं."

"नक्की?"

"मी काय आज येतोय होय इथं?"

वॉर्डन पलीकडच्या घळीकडं गेला. त्याचे मागचे लाल दिवे वळणावर दिसेनासे होईपर्यंत गेलन थांबला. मग आणखी थोडा थांबला, वॉर्डन परत फिरला तर पंचाईत नको म्हणून. मग मांस ओढून आणायची घसरगाडी काढली, कंदील घेतला आणि मोडक्या गुडघ्यानिशी चढायला लागला. सबंध बैल आम्हाला दोघांना ओढवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो आनंदात होता. हे सगळं त्यानंच मला सांगितलं.

वर मार्लिस आता मोजकंच बोलत होती. एकदा विचारलं, दार लावलंस का? मी लावलं म्हणालो. एकदा माझं नाव घेतलं, पूर्ण, ऑर्विल, लग्नाच्या दिवशी घेतलं होतं तसं. मी तिच्या तोंडावर श्वास सोडत होतो, तो गरम असतो म्हणून. माझ्या बोटांची टोकं काळसर झाली होती.

साडेसातच्या सुमाराला शीळ ऐकू आली. लांबून, खालून. पोल्का. मी ओरडायला गेलो पण घशातून आवाज निघेना. मार्लिसनं डोळे उघडले.

"गेलन," ती म्हणाली.

"हो. आला बघ. आला."

शीळ नेहमीच्या ठिकाणी तुटली आणि परत पहिल्यापासून सुरू झाली.

"अर्धीच येते गधड्याला," ती म्हणाली.

त्यानंतर ती काही बोलली नाही. कंदील झाडांतून वर येताना दिसायला लागला तेव्हा मी तिच्या मानेला हात लावला. मग माझा हात बधिर आहे म्हणून गाल लावला. मग कान लावला. कंदील हलत हलत जवळ आला आणि गेलन धापा टाकत ओरडला, "काय मिस्त्री! कुठंय बैल? कांदे करपायला ठेवून आलोय!"

त्यानं कंदील वर धरला.

तो गुडघा वाकवून बसला, जो गुडघा वाकत नाही. तिच्या तोंडावरचे केस बाजूला केले. त्याच्या हातांना कांद्याचा वास येत होता, तिच्या गालाला तो वास लागला. आम्ही तिला घसरगाडीवर ठेवलं, माझ्या जाकिटात गुंडाळून, दोरीनं बांधून. गेलन पुढून ओढत होता, मी मागून धरत होतो. अर्ध्या वाटेवर तो थांबला.

"वॉर्डन आला होता," तो म्हणाला. मग सगळं सांगितलं, वर न बघता, एका दमात. मग म्हणाला, "कधी गेली?"

माझ्यासमोर दोन उत्तरं होती. खरं सांगितलं असतं तर मला जरा हलकं वाटलं असतं. माझ्या खिटीबरोबर त्याचं ते खोटंही त्या गाडीवर आलं असतं.

"पडली तेव्हाच," मी म्हणालो. "लगेच. डोकं आपटलं."

गेलननं तिच्या बांधलेल्या पायाकडं पाहिलं. मागं वळून, जिथं आमच्या जाळाचे निखारे अजून लाल दिसत होते तिकडं पाहिलं. मेलेल्या बाईचा पाय कुणी बांधत नाही, आणि तिच्यासाठी चार तास जाळही करत नाही. हे त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे मलाही कळलं.

"बरं," तो म्हणाला आणि दोरी खांद्यावर घेतली.

डॉक्टरांनी मला दोन बोटं नाहीत ह्याची सवय करून घ्यायला सांगितलं. दोन तास आधी आणली असती तर वाचली असती का, हे मी त्यांना विचारलं नाही. जूनमध्ये बर्फ वितळल्यावर मी वर गेलो. उरलेली दोन काडतुसं खडकाला लागून पडली होती, जिथं मी उभा होतो तिथून वीतभर अंतरावर, एकमेकांना चिकटून. त्यातलं एक जरी हाताला लागलं असतं तरी मी चाप ओढायच्या आधी तीन पुरी केली असती, आणि दहा-दहा मोजून मारली असती.

ऑगस्टमध्ये गेलन शेडमध्ये आला. नऊ महिन्यांत आमचं बोलणं "बरंय ना" ह्याच्या पुढं गेलं नव्हतं. त्यानं स्वतःची रायफल माझ्या बाकावर ठेवली. माझ्यासारखीच, त्याच कारखान्याची. मी तिच्याकडं बघितलं.

"तुझी ती विकलीस म्हणे," तो म्हणाला.

"वितळवली."

"हिला खिटी बसव."

मी खिडकीतला डबा काढला. मोडक्या हातानं मला दहा मिनिटांच्या जागी तास लागला. गेलन तासभर उभा राहिला. बसवून झाल्यावर मी झाकणावर मूठ आपटली, तीनदा. हललं नाही.

"स्क्रू सैल केलेत," मी म्हणालो. "नेम परत बसवावा लागेल."

"चल मग."

मैदानावर आम्ही दोघंच होतो. नेम बसवताना तीन गोळ्या मारतात, सारखा वेळ सोडून, म्हणजे नळी तापत नाही. हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, तरी तिथं जाईपर्यंत आमच्या ध्यानात आलं नव्हतं. गेलननं पहिली मारली. मी मनात दहा मोजले, मोजायचे नव्हते तरी. त्यानं दुसरी मारली. आवाज डोंगराला लागून परत आला आणि विरला. त्यानं बोल्ट ओढला, तिसरं काडतूस नळीत गेलं, आणि तो तसाच गाल दस्त्याला लावून राहिला.

"ऑर्वी," तो म्हणाला. त्यानं मला नावानं कधी हाक मारली नव्हती. "माझी शीळ तिनं ऐकली का रे?"

मी त्याला एकदा खोटं सांगितलं होतं आणि त्यानं ते निमूट घेतलं होतं. पुन्हा सांगितलं असतं तर त्यानं पुन्हा घेतलं असतं. पण मग ती शीळ तिनं ऐकलीच नाही असं झालं असतं.

"ऐकली," मी म्हणालो. "म्हणाली, अर्धीच येते गधड्याला."

गेलन हसला. मग त्याला रडू फुटलं. त्यानं बोल्ट उघडून तिसरं काडतूस बाहेर काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी उरलेली बोटं त्याच्यावर मिटवली.